‘दाणे चालत नाहीत’ एवढं सांगून भागत नाही

ताई, नमस्कार.

मी २३ वर्षांची आहे. गाव परभणी जिल्ह्यातलं. राज्यसेवेच्या तयारीसाठी दोन वर्षांपूर्वी पुण्यात आले. सदाशिव पेठेत एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर कॉट बेसिसवर राहते, दिवसभर अभ्यासिकेत असते आणि दोन्ही वेळा मेसला जेवते. लहानपणापासून शेंगदाणा खाल्ला की माझे ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात. घरी आई माझ्यापुरतं बिनकुटाचं बाजूला काढायची, त्यामुळे फार त्रास कधी झाला नाही. इथे मेसच्या काकूंना एवढंच सांगितलं होतं की मला दाणे चालत नाहीत.

गेल्या महिन्यात रात्रीच्या जेवणात गवारीची भाजी होती. कूट दिसलं नाही. चार घास खाल्ले आणि जीभ खाजायला लागली. खोलीवर पोचेपर्यंत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, पोटात कळ येऊन उलट्या झाल्या, घसा आवळल्यासारखा वाटला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. रूममेटने सेटिरिझिन दिली, पित्ताची गोळी दिली. दोन-तीन तासांनी बरं वाटलं. दवाखान्यात गेले नाही.

तेव्हापासून मेसचं ताट समोर आलं की घास उचलवत नाही. बिस्किटं, केळी आणि दूध यावर दिवस काढते आहे, वजन उतरलंय. रूममेट म्हणते ॲलर्जी टेस्टचं मोठं पॅकेज करून घे. बाबा म्हणतात रोज एकेक दाणा खात जा, अंगवळणी पडेल. आई म्हणते परत ये, आणि हे कुणाजवळ बोलू नकोस, स्थळं बघायची आहेत. मी काय करू? पुढे माझ्या मुलांनाही हे होईल का?

— तुमची एक वाचक

प्रिय मैत्रिणी,

त्या रात्री तुला जे झालं ते पित्त नव्हतं. त्याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात आणि त्यात माणूस दगावू शकतो. अंगावर गांधी, त्याच वेळी उलट्या, वर घसा आवळणं आणि अंधारी, असं सगळं खाल्ल्यावर थोड्याच वेळात एकदम सुरू झालं, की डॉक्टर दुसरं कारण शोधत बसत नाहीत, लगेच उपचार सुरू करतात. तू सुखरूप आहेस याचा मला मनापासून आनंद आहे. पण तू त्या गोळीमुळे वाचली नाहीस, हे तुला आणि तुझ्या रूममेटला आधी कळायला हवं. सेटिरिझिनने खाज आणि गांधी कमी होतात. सुजत चाललेला घसा आणि उतरत चाललेला रक्तदाब तिला आवरत नाही. या वेळी तुझं शरीर आपलं आपण सावरलं. पुढच्या वेळी सावरेलच असं कुणी सांगू शकत नाही. मागच्या खेपेला नुसते ओठ सुजले होते म्हणून याही खेपेला तेवढ्यावरच निभावेल, असा हिशेब या ॲलर्जीत चालत नाही. तुझाच अनुभव तसा आहे.

शरीरात होतं ते असं. शेंगदाण्यातल्या काही प्रथिनांविरुद्ध तुझ्या शरीरात आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार झालेली आहेत आणि ती मास्ट पेशींवर जाऊन बसलेली आहेत. दाण्याचा अंश पोटात गेला की या पेशींतून हिस्टामिन आणि आणखी बरीच रसायनं एकदम बाहेर पडतात. रक्तवाहिन्या सैलावतात, त्यांतलं पाणी आजूबाजूला झिरपून सूज येते, रक्तदाब उतरतो, श्वासनलिका आखडतात. सेटिरिझिन यातल्या एकट्या हिस्टामिनला अडवते, तेही सावकाश. हे सगळं मिनिटांत उलटवणारं औषध एकच आहे, ॲड्रेनॅलिन. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला मध्यावर, स्नायूत टोचतात.

मी आहारतज्ज्ञ आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे औषधाबद्दल जे लिहिते आहे ते तुला डॉक्टरांपर्यंत पोचवण्यासाठी. डोस आणि चिठ्ठी त्यांचीच. परदेशात याचं पेनासारखं तयार इंजेक्शन मिळतं, टोपी काढून मांडीवर दाबलं की झालं. आपल्याकडे ते सहजासहजी मिळत नाही, काही जण बाहेरून मागवतात. पण ॲड्रेनॅलिनची साधी काचेची कुपी आपल्याकडेही मिळते आणि ती महाग नाही. अनेक डॉक्टर पेशंटला ती कुपी आणि सिरिंज देतात, किती भरायचं याची सिरिंजवर खूण करून देतात आणि समोर बसवून टोचायला शिकवतात. प्रमाण वजनावर ठरतं, किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, मोठ्या माणसाला जास्तीत जास्त ०.५ मिलिग्रॅम. पाच ते पंधरा मिनिटांत उतार पडला नाही तर दुसरं द्यावं लागतं, म्हणून जवळ दोन ठेवायची. हे शिकायला जाशील तेव्हा रूममेटला सोबत ने. घसा आवळलेला आणि हात कापताहेत अशा वेळी कुपी फोडून औषध भरणं तुला एकटीला जमेलच असं नाही.

औषध उन्हापासून आणि उष्णतेपासून जपावं लागतं, फ्रीजमध्ये गोठवायचंही नसतं. गाडीच्या डिकीत ते कधीही ठेवायचं नाही, आणि परभणीच्या मे महिन्यात तर एसटीच्या वरच्या फळीवर बॅगेत टाकून मोकळं व्हायचं नाही. ते अंगाजवळच्या पिशवीत हवं. औषध गुलाबी किंवा तपकिरी दिसलं, किंवा मुदत संपली, की बदलायचं.

आता एका गोष्टीवर मी जरा थांबणार आहे, कारण तू तिसऱ्या मजल्यावर राहतेस. जेवून तू चालत आलीस, जिने चढलीस, हेही मला पत्र वाचताना बोचलं. ॲनाफिलॅक्सिसमध्ये रक्तदाब उतरलेला असतो. अशा वेळी माणूस एकदम उठून उभा राहिला किंवा चालायला लागला तर हृदयाकडे रक्त पोचेनासं होतं आणि तो तिथेच कोसळू शकतो. म्हणून आडवं व्हायचं, पायांखाली उशी घ्यायची. श्वास लागत असेल तर पाठ टेकून, पाय लांब करून बसायचं. उलटी होत असेल तर कुशीवर. जिना उतरायचा नाही. मैत्रिणी प्रेमापोटी हमखास काय करतील ते मला माहीत आहे. दोघी मिळून तुला खाली उतरवतील, गाडीवर मध्ये बसवतील आणि लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीतून दवाखाना गाठायला निघतील. ते होऊ द्यायचं नाही. आधी इंजेक्शन, मग १०८. ही रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून मोफत मिळते. एकीने तुझ्याजवळ बसायचं, दुसरीने खाली दारात उभं राहून गाडीला वाट दाखवायची आणि स्ट्रेचर वर आणायचं. बरं वाटलं तरी दवाखान्यात जायचंच आणि डॉक्टर सांगतील तितके तास तिथे थांबायचं. काहींना पहिला झटका ओसरल्यावर काही तासांनी पुन्हा त्रास उसळतो, दुसरा दाणा न खाताही.

हे सगळं रात्री अकरा वाजता कुणाला आठवणार? म्हणून एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिही आणि दाराच्या मागे चिकटव:

‘हिला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. श्वास लागला, घसा आवळला, आवाज बसला, चक्कर आली, किंवा गांधींबरोबर उलट्या झाल्या तर लगेच मांडीत इंजेक्शन द्या. कपाटाच्या वरच्या कप्प्यात निळी पिशवी. मग १०८ ला फोन. हिला आडवं ठेवा, चालवू नका. गोळी देऊन वाट पाहू नका.’

खाली तुझ्या बाबांचा आणि डॉक्टरांचा फोन नंबर. पिशवी ज्या रंगाची असेल तो रंग लिही. हाच मजकूर मोबाइलच्या लॉक स्क्रीनवर ठेव, म्हणजे अभ्यासिकेत काही झालं तरी कुणाच्याही नजरेस पडेल.

आता मेस. तू काकूंना सांगितलंस, तरी ही वेळ आली. त्यांचा दोष आहे असं मला वाटत नाही. ‘मला दाणे चालत नाहीत’ हे आपल्याकडे दहा जण दहा कारणांनी म्हणतात. कुणाचं पित्त वाढतं, कुणाच्या चेहऱ्यावर पुटकुळ्या येतात, कुणाला नुसते आवडत नाहीत. भाजीत दाणे दिसले नाहीत म्हणजे काकूंच्या लेखी दाणे नाहीतच, कूट तर रश्शात विरघळून गेलं. तेव्हा पुन्हा जा, पण जेवणाच्या गर्दीत जाऊ नकोस. दुपारी तीन-साडेतीनला जा, ओट्यावरची आवराआवर झालेली असते, काकूही जरा टेकलेल्या असतात. आणि स्पष्ट सांग: ‘काकू, गेल्या महिन्यात इथली भाजी खाऊन माझा घसा बंद व्हायची वेळ आली होती. शेंगदाण्याचा कणही माझ्या पोटात गेला तर मला इंजेक्शन घेऊन दवाखान्यात न्यावं लागतं. माझी वाटी कूट घालायच्या आधी काढून ठेवाल का?’ यात भिडेखातर एकही शब्द कमी करू नकोस. मेस चालवणाऱ्या बायका परक्या मुलींची काळजी किती करतात ते मी पाहिलं आहे. त्यांना गांभीर्य कळलं की त्या स्वतःच चार गोष्टी सुचवतात.

मग परवानगी घेऊन आत उभी राहा आणि एक वेळचा स्वयंपाक बघ. माझ्या कामामुळे मी बऱ्याच खानावळींच्या आणि वसतिगृहांच्या स्वयंपाकघरांत अशी उभी राहिले आहे. कूट भाजीत पडतं तिथे नजर ठेवणं सोपं असतं, गफलत भलतीकडे होते. मिक्सरच्या ज्या भांड्यात सकाळी कूट केलं, ते नुसतं झटकून त्यातच लसणाचं किंवा आलं-मिरचीचं वाटण होतं. कुटाच्या डब्यातला चमचा तिखटाच्या डब्यात जातो. खिचडीतला डाव वरणात जातो. ज्या तेलात चिवड्याचे दाणे तळले त्यातच पापड तळले जातात. कोशिंबिरीचं पातेलं पुसून त्यात काकडी कापून ठेवतात. तुझ्या भाजीत कूट न घालताही ते तुझ्या ताटात येतं ते या वाटेने. तेव्हा काकूंशी बोलताना मिक्सरचं भांडं साबणाने धुणं, तुझ्या वाटणासाठी शक्य असेल तर वेगळं भांडं, आणि तुझा डबा सगळ्यांत आधी भरणं, या तीन गोष्टी मागून घे. स्टीलचा एक डबा आणि एक डाव तुझ्या खर्चाने, तुझं नाव घालून तिथे ठेव. आणखी एक विचारून बघ: भाजीत कूट घालण्याऐवजी ते वाटीत बाजूला ठेवता येईल का? ज्यांना हवं ते वरून घेतील. रश्शाला दाटपणा हवा असेल तर डाळं, सुकं खोबरं किंवा भाजलेले तीळ वाटून घालता येतात, अर्थात तिळाचा तुला कधी त्रास झालेला नसेल तरच.

काकूंना हे झेपत नसेल, किंवा त्यांनी ‘एवढंसं गेलं तर काय होतंय’ म्हटलं, तर ती मेस सोड. महिन्याचे पैसे भरलेले असले तरी सोड.

ताटात काय घ्यायचं? साधं वरण, भात, पोळी, भाकरी, दही-ताक, उकडलेली अंडी, बटाट्याची साधी भाजी, हे डावांची आणि भांड्यांची सरमिसळ टाळली तर बहुतेक ठिकाणी निर्धास्त ठरतं. कोशिंबिरी, भरली वांगी, गवार, दोडका, दुधी, मटकीची उसळ, पालकाची नाहीतर अळूची पातळ भाजी, थालीपीठ आणि सगळ्या कोरड्या चटण्या यांबद्दल दर वेळी विचार, काल विचारलं असलंस तरी आज पुन्हा. चतुर्थीला आणि एकादशीला अख्खं स्वयंपाकघर दाण्यांनी भरलेलं असतं. त्या दिवशी मेसला जाऊच नकोस, खोलीवर मुगाची खिचडी कर. घरमालक विजेचा छोटा कुकर वापरू देत नसतील तर त्यांनाही हे कारण सांग, आणि डॉक्टरांची चिठ्ठी दाखव.

बिस्किटं आणि केळ्यांवर तू किती दिवस काढणार? शेंगदाण्याच्या १०० ग्रॅममध्ये २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. आपल्या साध्या जेवणात कुटाने बराच भार उचललेला असतो, तो तुला दुसरीकडून भरून काढायचा आहे. दूध, दही, अंडी, पनीर, मोडाचे मूग, भिजवून शिजवलेले हरभरे घे. शेंगदाणा डाळींच्याच कुळातला, म्हणून घाबरून डाळी सोडू नकोस. तूर, मूग, हरभरा आजवर खात आलीस आणि काही झालं नाही, तर ते तुला चालतात. फुटाणे मात्र दुकानातून घेऊ नकोस. भट्टीवर ज्या वाळूत फुटाणे भाजतात त्याच वाळूत शेंगदाणे भाजलेले असतात.

तेलाचं विचारलेलं नाहीस तरी सांगते, कारण पुण्यात सध्या जागोजागी लाकडी घाणे निघाले आहेत. चांगल्या रिफाइंड शेंगदाणा तेलात प्रथिनं जवळजवळ उरत नाहीत. घाण्याच्या तेलात उरतात, ते तुला वर्ज्य. तुमच्याकडचं करडईचं तेल चालेल, पण त्याच घाण्यावर शेंगदाणेही गाळत असतील तर तेही नको.

बाहेर खाताना मिसळ, भेळ, चिवडा, वडापावची कोरडी चटणी आणि सुटं फरसाण यांना हात जोड. काजूऐवजी दाणे वाटून केलेली बर्फीही दिसायला काजूकतलीसारखीच असते, तेव्हा अनोळखी ठिकाणची मिठाई नको. पाकीटबंद पदार्थांचं बरं आहे. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबल नियमांप्रमाणे शेंगदाणा, झाडावरचे सुके मेवे, दूध, अंडी, मासे, सोयाबीन, ग्लुटेन असलेली धान्यं हे पदार्थ असतील तर पाकिटावर तसं वेगळं लिहावं लागतं. ‘अंश असू शकतो’ असं लिहिलेलं पाकीटही तू उचलू नकोस. नेहमीचं बिस्किट असलं तरी दर वेळी वाच, कंपन्या कृती बदलतात. तीळ आणि मोहरी त्या यादीत नाहीत, हे ज्यांना त्यांची ॲलर्जी आहे त्यांनी लक्षात ठेवावं.

गणपतीत मांडवात खिरापत हातावर ठेवतील, संक्रांतीला तिळगूळ देतील. नाही म्हणायचा संकोच वाटला तर प्रसाद कपाळाला लावून घे आणि शेजारच्या मैत्रिणीला दे, मग हात साबणाने धू. सॅनिटायझरने दाण्याचा अंश निघत नाही, साबण-पाणी किंवा ओला टिश्यूच हवा.

त्याच वेळी नको तिथे घाबरूही नकोस. अभ्यासिकेत शेजारी कुणी चिक्की खाल्ली तर तिच्या वासाने तुला झटका येणार नाही. हाताला दाणा लागला तर तिथे खाज येईल, फार तर गांध उठेल. धोका पोटात जाण्यात आहे. एवढं लक्षात ठेवलंस तर तू लोकांत बसू शकशील, जेवू शकशील.

डॉक्टरांना भेटशील तेव्हा आणखी तीन गोष्टी सांगायच्या. लहानपणी दमा होता का, हल्ली धाप लागते का? दमा नीट आटोक्यात नसेल तर अशा झटक्यात जास्त धोका असतो. दुसरं, पीएसआयच्या मैदानी चाचणीसाठी तू धावायला जातेस का? खाल्ल्यावर लगेच व्यायाम झाला तर एरवी सोसला असता तेवढा अंशही काहींना महागात पडतो. तिसरं, पाळीच्या वेळी इबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेतेस का? तिचाही तसाच परिणाम होऊ शकतो.

रूममेट म्हणते ते पॅकेज घेऊ नकोस. शेकडो पदार्थांची यादी आणि समोर लाल-हिरव्या पट्ट्या, अशा चाचण्यांत बऱ्याचदा आयजीई नव्हे, तर आयजीजी नावाची वेगळी प्रतिपिंडं मोजतात. तो पदार्थ तू खातेस एवढंच त्यातून कळतं, ॲलर्जी कळत नाही. आयजीईची खरी चाचणीसुद्धा सरसकट शंभर पदार्थांची केली तर त्रास न होणारे कितीतरी पदार्थ ‘पॉझिटिव्ह’ येतात, आणि मग मुली दूध सोडतात, गहू सोडतात, डाळी सोडतात. अशा याद्या घेऊन माझ्याकडे आलेल्या, खंगलेल्या मुली पाहून मला फार वाईट वाटतं. ॲलर्जीतज्ज्ञ आधी तुझी हकिगत ऐकतील, मग शेंगदाण्याची आणि लागलीच तर आणखी दोन-चार पदार्थांची त्वचेवरची किंवा रक्ताची चाचणी करतील. त्वचेच्या चाचणीआधी काही दिवस सेटिरिझिनसारख्या गोळ्या थांबवाव्या लागतात, ते फोनवरच विचारून घे.

बाबांना सांग, रोज एक दाणा खाऊन सवय लावण्याचा प्रयोग घरी करायचा नाही. त्यांची कल्पना अगदीच निराधार नाही. याच तत्त्वावर उपचार आहेत, पण ते दाण्याच्या अगदी सूक्ष्म अंशापासून, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, झटका आला तर सावरायची सगळी तयारी ठेवून करतात. अमेरिकेत मुलांसाठी तशा एका औषधाला २०२० मध्ये मान्यता मिळाली. अपघाताने पोटात गेलेला थोडा अंश निभावून जावा एवढाच त्याचा हेतू आहे, ताटभर खिचडी खाता यावी हा नाही. अख्खा दाणा ही तुझ्यासाठी सुरुवात होऊच शकत नाही.

आता आईचं. हा भाग आईला वाचून दाखव.

ताई, तुम्ही एवढी वर्षं लेकीसाठी रोज बिनकुटाची भाजी बाजूला काढलीत. त्यामुळेच ती या वयापर्यंत सुखरूप आली. ती लग्न होऊन ज्या घरात जाईल तिथे हे काम कुणी करायचं? मराठी घरात कुटाचा डबा मिठाच्या डब्याशेजारी असतो. बघायला येतील तेव्हा पहिली बशी पुढे येईल ती कांदेपोह्यांची, त्यात दाणे असतील. साखरपुड्याच्या जेवणात असतील, लग्नाच्या पंगतीत असतील, सासरच्या पहिल्या संकष्टीला असतील. नव्या घरात नव्या सुनेने न सांगता, न विचारता, समोर आलेलं निमूटपणे खायचं, अशी तुम्ही तिला शिकवण द्याल, तर त्यात तिच्या जिवाचं बरंवाईट होऊ शकतं. शेंगदाणा सोडला तर तुमची मुलगी ठणठणीत आहे. ती नोकरी करेल, संसार करेल, मुलं वाढवेल. बोलणी पुढे सरकायला लागली की, बघण्याच्या कार्यक्रमाच्या आधी, तुम्ही स्वतः मुलाच्या आईला फोन करून सांगा. ‘आमच्या मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, चुकूनही चालत नाही, बाकी सगळं खाते.’ ज्या घरातून ‘मग आम्ही तिच्यासाठी वेगळे पोहे करू’ असं उत्तर येईल, तिथे लेक द्यायला हरकत नाही. ज्यांना हे ओझं वाटेल ते आताच कळलेलं बरं.

आणि मैत्रिणी, तुलाही तेच. अन्नाच्या ॲलर्जीने जे मृत्यू होतात त्यांत किशोरवयीन आणि तुझ्या वयाची मुलं-मुली जास्त असतात. घर सुटलेलं असतं, बाहेर जेवायचं असतं, चारचौघांत वेगळं दिसायचं नसतं, औषध खोलीवर राहिलेलं असतं. तू परत जायची गरज नाही. पुण्यात राहा, अभ्यास कर, पण रूममेट, काकू, अभ्यासिकेतल्या दोन मैत्रिणी आणि घरमालक एवढ्या लोकांना या आठवड्यात सांगून टाक. परीक्षेच्या दिवशी इंजेक्शन जवळ ठेवता यावं म्हणून डॉक्टरांचं पत्र घेऊन आधीच चौकशी कर, सकाळी गेटवर वाद घालत बसायला नको.

मुलांचं विचारलंस. ॲलर्जीकडे कल असण्याची शक्यता घराण्यातून येते, पण शेंगदाण्याचीच ॲलर्जी येईल असं नाही. पूर्वी डॉक्टर अशा घरातल्या बाळांना दाण्यापासून लांब ठेवायला सांगत. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनमधल्या अभ्यासाने ते उलटं ठरवलं. त्यात खूप इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली सहाशेहून जास्त तान्ही बाळं होती. त्यांतल्या ज्यांना पहिल्या वर्षापासून नियमित शेंगदाणा दिला, त्यांच्यात पाचव्या वर्षी ही ॲलर्जी कितीतरी कमी आढळली. तुझ्या बाळाच्या वेळी ते बालरोगतज्ज्ञांना विचारून करता येईल. फक्त भरवायचं काम दुसऱ्या कुणाकडे द्यावं लागेल.

अपॉइंटमेंटसाठी उद्याच फोन कर. ‘ॲलर्जी दाखवायची आहे’ असं म्हणू नकोस, ‘ॲनाफिलॅक्सिससारखा त्रास होऊन गेला आहे, इंजेक्शन लिहून हवं आहे’ असं सांग, म्हणजे लवकरची वेळ देतील. जाताना त्या रात्री काय-काय खाल्लं, किती मिनिटांनी काय झालं आणि कोणत्या गोळ्या घेतल्या, ते लिहून ने. ओठ सुजल्याचा फोटो कुणी काढला असेल तर तोही. इंजेक्शन हातात येईपर्यंत मेसचा डबा बंद ठेव आणि खोलीवर स्वतःच्या हाताने शिजवून, पोटभर जेव.